तोयामाच्या घरमालकीणबाईंचं गाणं

आयर्लंडमधल्या ल्यूकनच्या मराठी मंडळींत संग्रामची ख्याती अशी, की त्याने तोयामाच्या समुद्रात पकडलेला मासा दर वर्षी वीतभर वाढतो. पहिल्या वर्षी तो ताटात मावत होता. आता त्याला वाहून न्यायला ट्रक लागतो. संग्रामला यात काही खोटं वाटत नाही. मासा म्हटला की वाढणारच.

त्याला आणि सलीलला जपानी मालकीच्या औषध कारखान्याने सुरुवातीला जपानात तोयामाला शिकायला धाडलं होतं. तिथून दोघं आयर्लंडला आले ते औषधांचं थोडं आणि कराओकेचं फार शिकून. जपानी पोरं शब्दांचा एक खेळ खेळतात. एकाच्या शब्दाचं शेवटचं अक्षर उचलून दुसऱ्याने पुढचा शब्द काढायचा. म्हणजे आपल्या गाण्याच्या भेंड्यांची ही लांबची मावसबहीणच. या दोघांनी दोन्ही खेळ एका पातेल्यात शिजवले आणि दर हिवाळ्यात एका रविवारी दुपारी संग्रामच्या बैठकीत जपानी भेंड्या रंगू लागल्या. जोडीजोडीने बसायचं, आधीची ओळ ज्या अक्षरावर संपली त्या अक्षराचं जपानी गाणं काढायचं. ओळ सुट्या 'न्'वर संपवली की भेंडी चढली, कारण त्या 'न्'ने जपानीत काही सुरूच होत नाही. गाणं कराओकेच्या यंत्रात नसलं तरी चालेल, तसंच म्हणा, पण ते खरं हवं. घरी रचलेलं चालणार नाही.

संग्रामच्या डोक्यात गाणी अक्षरवार लावलेली, स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये, म्हणजे इथल्या भाषेत कपाटात, डबे लावावेत तशी. आणि सलीलचा गळा असा, की तो वरच्या पट्टीत गेला तेव्हा शेजारच्या मर्फीबाईंचं कुत्रं भुंकायचं थांबून रडायला लागलं, आणि पुढचे दोन दिवस जेवलं नाही. असं संग्राम सांगतो. एकाची आठवण, दुसऱ्याचा आवाज. ही जोडी कधी हरली नाही.

त्यांचं खरं हत्यार होतं 'रु'. जपानीत वाक्यं 'रु'वर संपतात पोत्याने, पण 'रु'ने सुरू होणारं गाणं शोधायला गेलं तर हाताशी काही लागत नाही. ही दोघं समोरच्यांवर 'रु'मागून 'रु' टाकत. आणि कधी उलटून यांच्यावरच 'रु' आलं, तर यांच्या पोतडीत एक गाणं होतं. 'रुसु' म्हणजे घरी कोणी नसणं. मासेमारी करून परतलेला कोळी दार वाजवतो आणि घरात कोणी नाही, असं ते गाणं. संग्राम आधी त्याची कथा सांगे. त्याच्या तोयामाच्या घरमालकीणबाई, वय वर्षं सत्त्याण्णव, तोंडात एक दात, त्या दातातून शिट्टी वाजवत त्यांनी हे गाणं त्याला शिकवलं. बोटी बंदरातच वळून ऐकायच्या. मग सलील गायचा, आणि टाळ्या त्या म्हातारीला पडायच्या, शाबासकीची थाप संग्रामच्या पाठीवर.

गाणं दोघांनी मिळून घरी रचलं होतं. शब्द संग्रामचे, चाल सलीलची. घरमालकीणबाई होत्या, पण त्या गायच्या नाहीत, ओरडायच्या. हे गुपित फक्त त्या दोघांचं.

यंदा सलील आला, त्याने कोट काढला, आणि संग्रामच्या शेजारची जागा सोडून समोरच्या सोफ्यावर मृणालिनीजवळ जाऊन बसला. मृणालिनी मेनूथच्या विद्यापीठात जपानी भाषेवर संशोधन करणारी, हुशार, नवीन. संग्रामला आधी वाटलं, उशी घ्यायला गेला असेल.

"सल्या, इकडे."

"यंदा मी हिच्याबरोबर," सलील म्हणाला. चहा कसा हवा ते सांगावं तसा.

फोन नाही, निरोप नाही. सगळ्यांसमोर. संग्राम हसला, म्हणाला, अरे वा, मजा येईल. आणि आत कुठेतरी त्याचा मासा पाण्याबाहेर तडफडला. शेजारी शुभदाला बसवलं. बायकोला जपानी येत होतं ते दहापर्यंतचे आकडे, आणि त्यातही सात तिच्या भरवशाचा नव्हता. त्याला आता भेंड्या जिंकायच्या नव्हत्या. त्याला सलील परत या सोफ्यावर हवा होता, आणि त्याचा एकच मार्ग त्याला ठाऊक होता: त्याला असं हरवायचं की पुढच्या वर्षी तो आपण होऊन येईल.

एकेक जोडी गळत गेली. उरले समोरासमोरचे दोन सोफे. मग सलीलने सुरू केलं. 'रु'. संग्रामने यंत्रातलं एक जुनं सिनेमातलं गाणं काढलं. पुन्हा 'रु'. त्याने परदेशी नावाने सुरू होणारं एक नाचाचं गाणं काढलं, बेसूर का होईना म्हटलं. तिसऱ्यांदा 'रु'. हा डाव त्यानेच सलीलला कारखान्याच्या उपाहारगृहात नॅपकिनवर अक्षरं लिहून शिकवला होता. डबे संपले. प्रेस रिकामं.

मग त्याने घरमालकीणबाईंना बाहेर काढलं. एक दात, शिट्टी, वळणाऱ्या बोटी, सगळं सांगितलं आणि आपल्या फाटक्या आवाजात 'रुसु' गायला. गाताना तो सलीलकडे बघत होता. याने नुसतं गप्प बसायचं होतं.

सलीलने हात वर केला.

"हे गाणं खरं नाही. आम्ही घरी रचलंय."

खोटं पकडलं जाण्याची संग्रामला सवय होती, पण याच्याकडून नाही.

"काय बोलतोस, सल्या," तो म्हणाला. "सत्त्याण्णव वर्षांची बाई रे."

"मग विचार ना त्यांना," सलीलने कोपऱ्याकडे बोट केलं.

कोपऱ्यातल्या खुर्चीत हिराता आजोबा बसले होते. कारखान्यातल्या एका जपानी सहकारिणीचे वडील, लेकीकडे आलेले, जन्म तोयामाच्या त्याच किनाऱ्यावरचा. मृणालिनीने जपानीत त्यांना प्रश्न नीट समजावला: हे गाणं तुमच्याकडचं आहे का?

आजोबांनी डोळे मिटले. चहाचा पेला खाली ठेवला. मग म्हणाले, हो तर, आई म्हणायची. आणि पुढचं कडवंही त्यांनी गाऊन दाखवलं, बर्फ पडतो आणि कोळी ओट्यावर बसून राहतो असं, सलीलच्या चालीत, थरथरत्या आवाजात.

पुढचं कडवं कधीच नव्हतं. संग्रामने उभ्या जन्मात इतकं सफाईदार खोटं ऐकलं नव्हतं.

टाळ्या पडल्या. कोणीतरी सलीलला म्हणालं, काय रे, हरायला लागलास की मित्राला खोटा पाडतोस? मृणालिनीसुद्धा त्याच्यापासून जराशी सरकून बसली. सलील उठून संग्रामजवळ आला, वाकला, आणि हळू बोलला.

"चाल माझी आहे, संग्या. तोयामात मला फार एकटं वाटायचं ना, तेव्हाची. दर वर्षी त्या म्हातारीला टाळ्या. एकदा सांग यांना, सल्याची आहे म्हणून. एकदाच."

सांगितलं असतं तर गाणं खोटं ठरलं असतं, डाव गेला असता, आणि सलील या सोफ्यावर बसला असता. संग्रामने तोंड उघडलंही. पण जीभ आपल्या जुन्या वाटेने निघाली.

"एवढ्या म्हाताऱ्या पाहुण्याला खोटं कसं पाडू रे?"

सलील सरळ उभा राहिला. "ग्रँड," तो म्हणाला. इथली माणसं काहीच धड नसलं की म्हणतात तसं. कोट घेतला आणि गेला.

आक्षेप खोटा ठरला आणि गडीही उठून गेला, म्हणून भेंडी सलीलच्या जोडीवर चढली. शुभदाने कोणाकडेही न बघता वड्यांचं ताट फिरवलं. मंडळी म्हणाली, संग्राम, आता दोन्ही कडवी होऊन जाऊ दे. तो आजोबांच्या शेजारी उभा राहिला. दुसरं कडवं त्याला येत नव्हतं, तो नुसते ओठ हलवत राहिला. खिडकीतून सलीलची गाडी मागे येऊन वळताना दिसत होती.

गाणं संपल्यावर आजोबांनी त्याच्या मनगटाला धरून त्याला खाली वाकवलं. जपानीत, फक्त त्यालाच ऐकू जाईल असं, त्यांनी विचारलं:

"आता खरं सांगा. चाल कोणी बांधली? सुंदर आहे. त्यांना भेटायला आवडेल मला."

संग्रामने खिडकीकडे पाहिलं. रस्ता रिकामा होता.

"माझ्या मित्राने," तो म्हणाला. मग म्हाताऱ्याचा हात सोडवून तो बाहेर पळाला, पायात नुसते मोजे. कोपऱ्यापर्यंत पोचेस्तोवर मोजे भिजले, आणि गाडी कधीच मोठ्या रस्त्याला लागली होती.