भिंतीवर अडकलेला मुलगा

गोष्टीतला मुलगा गेले आठ दिवस भिंतीवर बसून होता. यात लेखकाचा काही दोष नव्हता. त्या बिचाऱ्यानं मुलाला एका ओळीत भिंतीवर चढवलं होतं आणि पुढच्याच ओळीत पलीकडे उतरवलं होतं. अडवून ठेवलं होतं ते शिकवणीच्या बाईंनी.

शाळेतून निवृत्त झाल्यावर बाईंनी घरीच शिकवण्या सुरू केल्या, तेव्हा दाराबाहेर पोरांच्या चपलांचा असा ढीग पडायचा की शेजारी कुरकुर करायचे. मग बँकेच्या वरच्या मजल्यावर मोठा क्लास निघाला आणि एकेक करत सगळी पोरं तिकडे पळाली. उरली एकच, सातवीतली पोरगी, तीही मुलांच्या एका कादंबरीपुरती. खेड्यातला एक मुलगा, त्याची बदकं, त्यातलं एक हरवतं आणि तो शोधायला निघतो, असं ते पुस्तक. अभ्यासाला त्याची सुरुवातीची चारच प्रकरणं होती. ती संपली की शिकवणी संपणार, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणूनच त्या प्रकरणं संपू देत नव्हत्या.

पहिलं प्रकरण त्यांनी महिनाभर पुरवलं. तळ्याचा नकाशा काढून घेतला. बदकाचं वर्णन दहा ओळींत, मग त्याच बदकाचं वर्णन पाच ओळींत. दुसऱ्या प्रकरणात मुलगा भिंतीवर चढला आणि बाईंना घबाडच मिळालं.

"बाई, हा खाली कधी उतरणार?" पोरीनं एकदा विचारलं.

"तुला कसली घाई? वरून त्याला काय काय दिसत असेल, सांग बघू."

पोरगी शहाणी. मुकाट्यानं शेतं सांगायची, चिमण्या सांगायची, लांबून येणारा धूर सांगायची. ती गेली की घर बाईंना खायला उठायचं. रेडिओ मोठ्यानं लावून त्या स्वयंपाकघरात जायच्या आणि बातम्या देणाऱ्यालाच "हो का?" म्हणायच्या. हसण्यासारखंच आहे हे, पण हसायलाही घरात दुसरं कुणी नव्हतं.

एक दिवस पोरीनं दप्तरातून तपासलेली उत्तरपत्रिका काढून टेबलावर ठेवली. चाचणी चारही प्रकरणांवर होती. चाचणी आहे असं पोरीनं सांगितलं होतं, पण बाईंनी ते सोयीस्करपणे कानाआड केलं होतं. आपल्या सोबतीपायी लेकराचं नुकसान केलं, असं मनात म्हणत त्यांनी भीत भीत पान उलटलं. पैकीच्या पैकी मार्क होते. चौथ्या प्रकरणात बदक कुठे सापडतं, तेसुद्धा नीट लिहिलेलं.

"हे कुणी शिकवलं तुला?"

"कुणी नाही. मी पहिल्याच आठवड्यात वाचलं. अख्खं पुस्तक."

"मग रोज इथे कशाला येत होतीस गं?"

"घरी जाऊन काय करू? आई सातला येते." पोरगी पेन्सिलीचं टोक बघत राहिली. "मैत्रिणी सगळ्या क्लासला असतात. तिथे मधल्या सुट्टीत गच्चीवर खेळतात पण."

आपण हिला अडकवून ठेवलंय असं बाई समजत होत्या, आणि ही आपणहून बसत होती. त्यांना बरं वाटलं, फार बरं वाटलं, आणि पाठोपाठ लाज वाटली. म्हातारीला सोबत म्हणून एवढ्याशा पोरीनं रोज संध्याकाळी एका खोलीत कोंडून घ्यायचं, हे काही बरं नव्हे.

त्या दिवशी पोरीची आई कामावरून लवकर सुटली आणि तिला न्यायला आली. इस्पितळाच्या लाँड्रीत काम करून तिची बोटं कायमची पांढरी पडली होती. मार्क बघून तिचा चेहरा खुलला.

"बाई, तुमच्या हाताला यश आहे बघा. मी हिला क्लासला घालायचं म्हणत होते. पण आता नाही घालत. राहू दे तुमच्याकडेच वर्षभर. चालेल ना?"

एक 'हो' म्हटलं की झालं. श्रेय आयतं चालून आलं होतं, पोरगीही आशेनं बघत होती. बाईंनी उगाचच चष्मा पुसला.

"माझं कसलं यश? तिनं तिचं तिनं वाचलंय. क्लासलाच घाला तिला. चार पोरींत राहील."

"पण तिला इथे आवडतं हो."

"मला नाही झेपत आता," बाई फटकन म्हणाल्या. "रोज वाट बघत बसायचं आणि रोज तेच तेच शिकवायचं. सुटले बाई मी एकदाची."

पोरीनं ते ऐकलं. उत्तरपत्रिका घडी न घालताच दप्तरात कोंबली आणि आईच्या पुढे होऊन जिना उतरायला लागली. एकदाही मागे वळून बघितलं नाही. 'अगं, तसं नाही' एवढंच म्हणायला बाई दारापर्यंत गेल्या. पण तेवढं म्हटलं असतं, तर पोर थांबली असती.