दशकाचं घर

बाईंनी फरशीवर खडूने दोन घरं आखली आणि फासा बबडीच्या हातात दिला. उजवं घर सुट्या काड्यांचं, डावं गठ्ठ्यांचं, म्हणजे दशकाचं. फाशावर पडेल तेवढ्या काड्या उजवीकडे ठेवायच्या. दहा झाल्या की रबर लावून गठ्ठा डावीकडे राहायला पाठवायचा. या खेळापायी दुसरीची पोरं वर्ग डोक्यावर घ्यायची. बबडी मात्र तीन महिने कडेला बसून रबर ताणत राहिली होती. अकरा लिही म्हटलं की दहा लिहून त्याला एक चिकटवायची आणि मोकळी व्हायची.

आज उजव्या घरात सहा काड्या होत्या. फाशावर चार पडले. बबडीने चार काड्या ठेवल्या, ओठ हलवत सगळ्या मोजल्या, परत मोजल्या. कुणी काही सांगायच्या आत रबर लावलं आणि गठ्ठा डावीकडे सरकवला. मग रिकाम्या घराकडे बघून दचकलीच.

"बाई, इथे काहीच उरलं नाही."

"मग काय लिहायचं?"

"शून्य." तिने गठ्ठ्यावर बोट ठेवलं. "आणि इथे एक. आत दहा आहेत, पण गठ्ठा एकच आहे ना."

बाईंनी हसून मान डोलावली.

मुख्याध्यापिका दारात कधी येऊन उभ्या राहिल्या, कुणाला कळलंच नाही. सगळी शाळा त्यांना मोठ्या बाई म्हणायची. त्या आत आल्या, वाकल्या आणि डाव्या घरातल्या गठ्ठ्यावर पेन टेकवलं.

"हे किती?"

"एक," बबडी म्हणाली.

"नीट बघ. किती?"

बबडीने आपल्या बाईंकडे पाहिलं. "एक," ती पुन्हा म्हणाली, पण आता तोंडातल्या तोंडात.

"तीन महिने काड्या खेळून ही अवस्था. बघितलंत ना?"

ते उत्तर बरोबर होतं, हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते बाईंच्या ओठांवर आलंही. पण त्यांना शाळेत कायम करायचं की नाही, हे याच महिन्यात ठरणार होतं आणि ते मोठ्या बाईंच्या शेऱ्यावर होतं. बाई खाली बसून खडूची पूड पुसत राहिल्या.

व्हरांड्यात मोठ्या बाईंनी पत्र पुढे केलं. मागे पडणाऱ्या मुलांसाठी गावाबाहेर वेगळी शाळा होती. पुढच्या सोमवारपासून बबडीने तिकडे जायचं होतं.

"वर्गशिक्षिकेची सही लागते. आणि आईच्या हातात आजच द्या."

"तिला येतंय हो आता," बाई म्हणाल्या. पण ते पेनाच्या टोपणालाच काय ते ऐकू गेलं असेल. त्यांनी सही केली.

शाळा सुटल्यावर बबडीची आई आली. लाँड्रीत इस्त्री करायची ती. येतानाही साडीवर घातलेल्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या होत्या. आज तोंडभर हसत होती.

"बाई, काय जादू केलीत हो? घरातले चिमटे दहा-दहा बांधून ठेवते. कपडे वाळत घालायला मला एक सुटा चिमटा मिळत नाही! मागायला गेलं तर म्हणते, गठ्ठा मोडावा लागेल, थांब."

बाईही हसल्या. मग त्यांनी पत्र पुढे केलं.

आईने हात साडीला पुसून ते घेतलं, लांब धरलं, जवळ आणलं. "चष्मा कामावरच राहिला बघा. तुम्हीच वाचा ना."

बाईंनी वाचलं. श्रुतलेखन सांगावं तसं, एकेक शब्द सुटा करून. 'आकलन वयाच्या मानाने कमी' इथेही त्या थांबल्या नाहीत. बबडी शेजारी उभी राहून दप्तराचा पट्टा चावत होती.

वाचून झालं तरी आई कागदाकडेच बघत राहिली.

"खाली सही कुणाची आहे?"

"माझी."

आईने कागद हातातून घेतला, त्याची चौकोनी घडी केली आणि कंबरेला खोचली. मग वाकून बबडीच्या फ्रॉकचं वरचं बटण लावलं. आधीच लागलेलं होतं. काढून पुन्हा लावलं.

"बाईंना अच्छा कर," ती म्हणाली.

बबडीने हात हलवला. फाटकापर्यंत ती मागे वळून हलवतच राहिली.