पप्पांचं पक्कं नाक

मी शाळा सोडली म्हणून घरात माझ्या नाकावर पण कोणाचा भरवसा नाही. मी बोलत होते, ताईच्या खोलीत वास मारतोय, डोळ्यांतून पाणी येतंय. आई बोलली, "बाळंतिणीची खोली आहे, वास असणारच. तुला काय कळतंय?"

जागृतीताई बाळंतपणाला आमच्याकडे ठाकुर्लीला आलेली. पप्पांनी तिच्यासाठी स्वतःच्या हाताने कपाट बनवलं. तीस वर्षं कल्याणच्या फर्निचरच्या कारखान्यात प्लायवूडचे बोर्ड कापतायत ते. कपाट आत गेलं आणि खिडकी बंद झाली. सव्वा महिना बाळंतिणीला वारा लागू द्यायचा नाही. वरून दोन टाइम ओव्याची धुरी.

आठ दिवसांत ताईचा घसा बसला. नाक आतून जळायला लागलं, रुमालावर रक्त. बाळ दूध सोडून घरघरायचं.

"सर्दी आहे," आई बोलली आणि खिडकीच्या फटीत चिंधी कोंबली.

माझं डोकंच सटकलं. मी दोन महिने फर्निचरच्या शोरूमला होते. नवं कपाट उघडलं की गिऱ्हाईक डोळे चोळायचं, शेठ बोलायचा अगरबत्ती लाव. बोर्डाच्या गोंदातून फॉर्मल्डिहाइड नावाचा विषारी गॅस निघतो, त्याचा वास. त्यावरूनच शेठशी भांडून मी काम सोडलं.

"पप्पा, ते कपाट बाहेर काढा. त्याच्या गोंदाने ताईच्या नाकातून रक्त येतंय."

"कसला गोंद? तासभर आत बसलेलो. काही वास नाही."

"खोटं नका बोलू."

"बापाला खोटारडा बोलते?" आई ओरडली. "दहावी कर आधी."

मी किचनमधून हिंगाची डबी आणली, उघडून पप्पांच्या नाकाखाली धरली. "डोळे मिटा. काय आहे?"

पप्पांनी दोनदा नाक ओढलं. "सुंठ?"

ताई हसली. मग हसू आवरून पप्पांकडे बघायला लागली. हिंगाचा वास तिच्या पलंगापर्यंत गेलेला.

"कधीपासून वास येत नाही, पप्पा?" मी विचारलं.

"अगं, कारखान्यात सगळ्यांचंच होतं. नवीन माणसाचं नाक जळतं, रक्त येतं. मग नाक पक्कं होतं, त्रास बंद. पक्क्या नाकाचा म्हणजे जुना कारागीर."

"पक्कं नाही झालं, पप्पा. मेलं ते. आणि तुम्ही ताईचं पण तेच करताय."

मी फटीतली चिंधी उपटली, खिडकी सताड उघडली. आईने ताईच्या डोक्याचा स्कार्फ तेवढा घट्ट केला, खिडकीला हात लावला नाही. पप्पांनी स्क्रूड्रायव्हर घेतला, दारं सोडवली. आम्ही दोघांनी कपाट ओढत बाहेर पॅसेजमध्ये नेलं.

परत आल्यावर हात धुऊन ते बाळाकडे वाकले, टाळूजवळ नाक नेलं. पुन्हा पुन्हा नाक ओढलं.

"बाळाच्या टाळूला वास असेल ना?" त्यांनी ताईला विचारलं.

"आहे, पप्पा."

"कसा?"

ताईला सांगता येईना. मला त्या कारखान्याचं शटर फोडावंसं वाटत होतं.