नंतर बदलू

जगातल्या कुठल्याही वस्तूबद्दल माझ्या बाबांचा एकच सिद्धांत आहे: आत्ता साधी घ्यावी, नंतर बदलावी. डोंगरात चालवायची सायकल घ्यायला आम्ही दुकानात गेलो, तेव्हा मी धरलेली डिस्क ब्रेकची महाग सायकल त्यांनी माझ्या हातातून सोडवली आणि सगळ्यांत स्वस्त होती तिच्या सीटवर थाप मारली.

"दोन्हींना दोनच चाकं आहेत. अंथरूण पाहून पाय पसरावेत. आधी टिकून तर दाखव, मग एकेक भाग बदलत जाऊ."

मी टिकून दाखवलं. वर्षभर पहाटे उठून टेकडी चढले. शिकवण्या घेऊन गिअर बदलले, पेडल बदलली, टायर बदलले. प्रत्येक वेळी बाबा शेजाऱ्यांना अंगणात उभं करून सांगायचे, "बघा, माझं म्हणणं खरं ठरतंय की नाही!" पैसे माझे, म्हणणं त्यांचं.

मग आमच्या सायकल क्लबने मुलींच्या संघासाठी निवड चाचणी जाहीर केली. उताराची शर्यत, त्यामुळे डिस्क ब्रेक सक्तीचे. मी सायकल दुकानात नेली. दुकानदाराने खाली वाकून फ्रेमच्या मागच्या टोकावरून बोट फिरवलं.

"ताई, डिस्क बसवायला इथे जागाच नाही. पुढेही नाही. फ्रेम बदलायची, पुढच्या चाकाचा फोर्क बदलायचा, दोन्ही चाकं बदलायची."

"मग राहिलं काय?"

"घंटी," तो म्हणाला. माझं तोंड पाहून त्याने हसू आवरलं. "चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला झालाय हा. फ्रेम आधी बघायची असते."

घरी सांगितलं, तर बाबांनी पेपरमधून मानही वर केली नाही. "मग पुढच्या वर्षी बघू. एवढी काय घाई आहे?"

पुढच्या वर्षी माझं वय बसणार नव्हतं. हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

मी त्याच सायकलवर तशीच चाचणीला गेले. तपासणीला बसलेल्या बाईंनी माझा ब्रेक दाबून पाहिला आणि मान हलवली. "तुला चढावर पाहिलंय मी. छान चालवतेस. पण या ब्रेकवर तुला खाली सोडणार नाही." मी हुज्जत घातली, मग विनवण्या केल्या, मग सगळ्यांदेखत रडले. ज्यांना मी रोज चढावर मागे टाकायचे, त्या मुली माझ्यासमोरून एकेक करून उतारावर सुटल्या. त्यांचा मला इतका हेवा वाटला की मी उताराकडे पाठ फिरवली.

घरी आले तेव्हा बाबा दारातच होते. माझा चेहरा पाहून त्यांनी डोक्यावर हात ठेवला. त्यांना खरंच वाईट वाटत होतं, आणि तेच मला सहन होईना.

"घेतलं नाही का गं तुला?"

मी नुसती मान हलवली. मग त्यांचा चेहरा हळूहळू मोकळा झाला.

"एका परीने बरंच झालं," ते म्हणाले. "तेव्हा ती महागाची घेतली असती, तर सगळे पैसे वाया गेले असते."