गादीखालचं पत्र

मित्रांनो, मी एक जुनी आरामखुर्ची आहे, आणि माझ्या गादीखाली पाच महिने एक पत्र पडून होतं. उत्तर न दिलेलं पत्र. कागदाला वजन ते काय असणार? पण मला ते जड होत होतं.

सुताराच्या हाती येण्यापूर्वी मी झाड होते. अजूनही दुपारी डोळा लागला की मुळांपासून शेंड्यापर्यंत हळूहळू चढणारा रस मला आठवतो. झाडाच्या अंगात बारीक बारीक वाटा असतात. त्या मोकळ्या असल्या तरच पालवी फुटते. माणसांचंही तसंच असतं, हे मला पुढे कळलं.

माझे मालक मुद्रितशोधक. पुस्तक छापण्याआधी त्यातल्या चुका शोधायच्या, हे त्यांचं काम. एकतीस वर्षं ते त्यांनी माझ्यातच बसून केलं. माणूस भलताच लाजाळू. दारावर कुणी आलं की ते चष्मा पुसत बसायचे, म्हणजे तोवर दुसरं कुणीतरी दार उघडेल. माझ्या डाव्या हातावर कागदांचा गठ्ठा, उजव्या हातावर लोणी लावलेली बिस्किटं. पाहुणे म्हणायचे, "काय खुर्ची आहे, बसलं की उठावंसं वाटत नाही." मी फुलून जायचे. ती स्तुती होती की तक्रार, हे मला फार उशिरा उमगलं.

"अहो, मुळं फुटतील तुम्हाला तिथे," मालकीणबाई म्हणायच्या.

"खुर्ची लाकडाचीच आहे. तिला सवय असेल," मालक म्हणायचे आणि पान उलटायचे.

मग ताईंचं पत्र आलं. ताई म्हणजे मालकांची थोरली बहीण. आई गेल्यावर तिनेच त्यांना वाढवलं, आणि बारीक अंगामुळे ती त्यांना 'काडी' म्हणायची. मालकांनी पत्र पुटपुटत वाचलं. 'काडी, माझ्या हृदयाच्या नळीत अडथळा निघाला. जाळी बसवली, आता बरी आहे. डॉक्टर म्हणतात, कोलेस्टेरॉल घराण्यातही असू शकतं. ते दुखत नाही, खुपत नाही, गुपचूप साठतं. बारीक आहेस म्हणून निर्धास्त राहू नकोस. रक्त तपासून घे आणि मला कळव. फोनवर तू नुसता हं हं करतोस. लिहून कळव. वाट बघते.'

मालकांनी ते माझ्या गादीखाली सरकवलं. तपासणीआधी त्यांनी कोलेस्टेरॉलवरची तीन पुस्तकं वाचली. वाचून ते उतरलं असतं तर बरंच झालं असतं. दोन महिन्यांनी एकदाचे गेले. आकडा चांगलाच वर होता.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं मालकीणबाईंनी कागदावर उतरवून कपाटाला चिकटवलं. लोणी, साय, तळलेलं कमी. डाळी, ओट, भाज्या, फळं, मूठभर अक्रोड. रोज अर्धा तास भरभर चालणं. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त, मग गोळीचं ठरवू.

"चालू कुठे?" मालक म्हणाले. "काम नसताना रस्त्यावर फिरणारा माणूस लोकांना विचित्र वाटतो."

"मग काम घेऊन जा. ताईंना उत्तर लिहा आणि टाकून या."

टपालपेटी पुलापलीकडे, पंधरा मिनिटांवर. मालक उत्तराचं पत्र खिशात घालून गेले आणि पत्र खिशात घेऊनच परत आले.

"एक वाक्य खटकलं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुसरं वाक्य खटकलं. तिसऱ्या दिवशी तिसरं. चूक राहिलेला कागद हातातून सोडायचा नाही, ही जन्माची सवय. रोज सकाळी पत्र पेटीपर्यंत जायचं आणि घरी यायचं. मालकीणबाई दुसऱ्या खिशात एक सफरचंद तेवढं सरकवायच्या.

मी खिडकीतून बघायचे. पुलावर धुकं असायचं. मालक त्यात विरघळायचे आणि अर्ध्या तासाने पुन्हा आकार घ्यायचे. आधी ते पुलाच्या मध्यावर कठड्याला धरून दम खायचे. पुढे पुढे थांबेनासे झाले. इकडे माझी गादी गार पडली, हातांवर धूळ बसली. एकटं वाटायचं, खोटं कशाला बोलू? पण डोळा लागला की रस पुन्हा चढताना दिसायचा, आणि तो माझ्यात नसायचा, त्यांच्यात असायचा.

एकदा मालकीणबाईंनी विचारलंच, "खरं सांगा, टाकत का नाही?"

"आकडा चांगला आला की मग कळवू," मालक खाली बघत म्हणाले. "तिने मला वाढवलंय. तिला असा चुकलेला कागद कसा पाठवू?"

तीन महिने झाले. एक दिवस ताईंचं कार्ड आलं. 'तपासलंच नाहीस का रे? रोज टपालवाल्याची वाट बघते. त्याला वाटतं, म्हातारीचा जीव त्याच्यावरच जडलाय.'

आणि त्याच दिवशी रक्ताचा दुसरा अहवालही आला. आकडा उतरला होता, पण पुरेसा नाही. आता चालणं आणि पथ्य सांभाळून एक छोटी गोळीही घ्यायची होती.

मालक माझ्यात येऊन बसले. "नापास झालो," म्हणाले.

"चष्मा लावलात तेव्हा डोळे नापास झाले होते का?" मालकीणबाईंनी विचारलं.

मालकांनी चष्मा काढून पुसला. मग त्यांनी गादीखालचं पत्र काढलं आणि पुन्हा वाचलं. "कळव, एवढंच म्हणाली होती ती," ते हळूच म्हणाले. त्यांनी माझ्या हातावरची धूळ बाहीने पुसली, नवा कागद ठेवला आणि पाच ओळी लिहिल्या.

मित्रांनो, माझ्यासारखं मऊ, मायाळू कुणी तुमच्याही घरी असेल. आमच्यावर जरूर प्रेम करा, पण वेळेवर उठत जा. रक्त तपासून घ्या, आणि निकाल कसाही असो, वाट बघणाऱ्याला कळवा. गार पडलेल्या गादीचं आम्हाला दुःख होतं. पण कुणी पुन्हा कधीच बसणार नाही, हे दुःख त्याहून फार मोठं.

मालक अर्ध्या तासाने धुक्यातून परत आले.

"टाकलंत?" मालकीणबाईंनी विचारलं.

"टाकलं. एक चूक राहिलीय त्यात. पुलावर येताना आठवली."

"मग?"

"राहू दे," मालक म्हणाले आणि सफरचंद खाऊ लागले.