माझं तोंड ओढ्याकडे वळवा

मी तोफ बोलतेय. दचकू नका, माझ्यातून गोळा सुटत नाही, पाणी सुटतं. ट्रकच्या पाठीवर एखादं मोठं पिंप आडवं ठेवावं तशी मी दिसते. आत पंखा, तोंडाच्या कडेनं बारीक नळ्या, मागे पाण्याची टाकी. पंखा फिरला की पाण्याचं धुकं लांबवर जातं आणि हवेतली धूळ खाली बसते. एवढंच माझं काम. तेवढंही मला धड करू दिलं नाही, म्हणून आज बोलतेय. रागात आहे, तेव्हा गोड शब्दांची अपेक्षा ठेवू नका.

माझा जन्म कारखान्यातला. माझा पंखा बसवणारा फिटर भलता चिकित्सक होता. एकेक पातं बोटानं चाचपून बघायचा. चाचणीच्या दिवशी त्यानं मला आवारातल्या धुळीसमोर उभं केलं आणि बटण दाबलं. धुरळा खाली बसला, समोरची भिंत स्वच्छ दिसू लागली. "जिथं जाशील तिथली माणसं दुवा देतील बघ," असं म्हणून त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. मला ते खरं वाटलं. नवी होते ना!

मला पाठवलं ते दोन राज्यांच्या सीमेवर. मध्ये एक ओढा. अलीकडे वस्ती, पलीकडे दुसरं राज्य आणि ओढ्याला लागूनच दगड फोडून खडी करणारे क्रशर. दगड तिकडे फुटायचा, पीठ इकडे उडायचं. इकडचे अधिकारी म्हणायचे, क्रशर तुमचे. तिकडचे म्हणायचे, खोकला तुमचा. असं वर्षानुवर्षं चालल्यावर वरच्या सरकारनं सीमेपलीकडून येणारी धूळ आवरण्यासाठी अनुदान दिलं. त्यातून मी आले, आणि माझ्याबरोबर हवेतली धूळ मोजणारं एक यंत्र आलं. यंत्र वस्तीतल्या दवाखान्याच्या आवारात बसवलं. फीत कापली, भाषणं झाली. भाषण करणारे तोंडाला रुमाल लावून बोलत होते, आणि कुणाला त्याचं काहीच वाटलं नाही.

माझा ड्रायव्हर साधा सरळ माणूस. पहिल्याच आठवड्यात त्यानं मला ओढ्याच्या काठावर नेलं, माझ्या बुडाशी असलेलं चाक फिरवून माझं तोंड क्रशरकडे केलं आणि पंखा सोडला. काय सांगू तुम्हाला! माझं पाणी ओढा ओलांडून थेट क्रशरच्या पट्ट्यावर पडलं. धूळ उडायच्या आतच बसली. त्या दिवशी वस्तीतल्या बायकांनी बाहेर कपडे वाळत घातले.

दुसऱ्या दिवशी आमच्या खात्याचे साहेब तणतणत आले. "कुणी सांगितलं तिकडे पाणी मारायला? आपल्या वाट्याच्या अनुदानातलं पाणी आपल्याच हद्दीत पडलं पाहिजे. तिकडच्यांची तक्रार आलीय."

"पण साहेब, धूळ तिकडूनच येते ना?" ड्रायव्हर म्हणाला.

"धूळ येऊ दे. पाणी जाता कामा नये."

ऐकलंत? धुळीला सीमा नाही, म्हणून अनुदान दिलं, आणि त्याच अनुदानातल्या पाण्याला सीमा आखून दिली! ही अक्कल कुठल्या बाजारात मिळते ते मला अजून कळलेलं नाही.

पुढचा हुकूम त्याहून भारी होता. अनुदानाचा पुढचा हप्ता यंत्रावरचा आकडा उतरला तरच मिळणार होता. म्हणून साहेबांनी मला दवाखान्याच्या आवारात उभं केलं. रोज सकाळी आणि दुपारी यंत्राच्या भोवती फवारा मारायचा, बाकी कुठे नाही. झालं! आकडा झपाट्यानं उतरला. सगळ्या वस्तीतली झाडं पिठात लोळल्यासारखी पांढरी, आणि यंत्राभोवती तेवढं हिरवंगार गवत. मला त्या गवताकडे बघवत नसे.

आता वहिनींबद्दल सांगते. नाक्यावर त्यांचं पंक्चरचं दुकान. खडीचे ट्रक थांबले की त्या टायर खोलायच्या, ट्यूब पाण्यात बुडवून भोक शोधायच्या, ठिगळ लावून हवा भरायच्या. सगळे त्यांना वहिनीच म्हणत, माझा ड्रायव्हरसुद्धा. घरात त्या आणि त्यांची सासू, दोघीच. म्हातारीला दम लागायचा. बोलताना अर्ध्या वाक्यात थांबायची आणि उरलेलं वाक्य हातानं सांगायची. सून जगभरच्या टायरांत हवा भरत होती, आणि सासूच्या छातीत ती पुरत नव्हती.

क्रशर पत्र्याच्या शेडनं झाकावेत म्हणून वहिनींनी साहेबांच्या कचेरीत अर्ज केला होता. तो नामंजूर झाला. वस्तीची हवा चांगली आहे, असं उत्तर आलं. यंत्रच तसं सांगत होतं ना!

वहिनी ते उत्तर घेऊन ड्रायव्हरकडे आल्या. "भाऊजी, ही चांगली हवा कुठं आहे म्हणे?"

ड्रायव्हरनं मान खाली घातली. मग हळूच यंत्राकडे बोट दाखवलं.

वहिनी बराच वेळ त्या हिरव्या गवताकडे बघत राहिल्या. चिडल्या नाहीत, रडल्या नाहीत. घरी गेल्या आणि एका हातात प्लॅस्टिकची खुर्ची, दुसऱ्या हाताला सासू, अशा परत आल्या. यंत्राच्या शेजारी खुर्ची मांडली, सासूच्या खांद्यावर टॉवेल टाकला आणि म्हणाल्या, "आई, बसा. सरकारी हवा आहे, फुकट आहे."

मी त्या दिवशी जीव ओतून फवारले. खरं सांगते, तेवढ्या जागेत हवा स्वच्छच होती. थोड्या वेळानं म्हातारी म्हणाली, "पोरी, इथं मला बरं वाटतंय गं." एका दमात म्हणाली, न थांबता. मला इतका आनंद झाला की फिटरची आठवण आली.

मग रोज खुर्ची यायची. बघता बघता आणखी खुर्च्या आल्या, स्टुलं आली. दम लागणारे, खोकणारे सगळे यंत्राभोवती बसू लागले. गप्पा व्हायच्या, चेष्टा व्हायची. आज कुणाची तोफेसमोर बसायची पाळी, यावरून भांडणंसुद्धा व्हायची. माझ्या आयुष्यातले तेवढेच दिवस बरे गेले.

साहेबांना हे कळलं. ते आले तेच कपाळाला आठ्या घालून. "हे काय चाललंय? उठा इथून. तुमच्यामुळे यंत्राचा आकडा चुकतो."

"आम्ही श्वास घेतला म्हणून चुकतो होय?" म्हातारी म्हणाली.

वहिनी पुढे झाल्या. "साहेब, आमच्या वस्तीची हवा चांगली आहे असं तुम्हीच कळवलंत. आम्ही सगळीकडे शोधली. इथंच सापडली. आता तीही नको म्हणता?"

साहेब ड्रायव्हरकडे बघून म्हणाले, "कुंपण घालून घे."

आणि घातलं हो! अनुदानातूनच घातलं. काटेरी तारेचं कुंपण, दाराला कुलूप. स्वच्छ हवा आत, माणसं बाहेर. फुफ्फुसं नसलेल्या यंत्राला मी रोज दोनदा हवा धुऊन देत होते, आणि तारेपलीकडे म्हातारी खोकत होती. माझा पंखा जळून का गेला नाही, कोण जाणे.

वाऱ्याचे दिवस आले तशी म्हातारी अंथरुणाला खिळली. पुढे गेलीच. दुकानाला तेवढा एकच दिवस कुलूप होतं.

तिची खुर्ची वहिनींनी कुंपणाला टेकवून ठेवलीय. माझा फवारा खुर्चीच्या एका हातापर्यंत जेमतेम पोचतो, तिथल्या धुळीचा चिखल होतो. बाकीची खुर्ची पांढरी. एकदा ड्रायव्हर फडका घेऊन गेला. "वहिनी, पुसू का?"

"नको, भाऊजी. साहेबांना बसायला ठेवलीय."

साहेब अजून त्या खुर्चीवर बसलेले नाहीत. आकडा खाली आहे, पुढचा हप्ता आलाय, आणि आमच्यावर खूश होऊन ते म्हणे आणखी एक तोफ मागवणार आहेत. ती माझी बहीणच असेल. तिला बिचारीला काय सांगू?

तुमच्यापैकी कुणाचा शब्द वर चालत असेल तर एवढं करा. नवी तोफ नको, भाषण नको. माझ्या बुडाशी ते चाक आहे. ड्रायव्हरचा हात रोज त्याच्यावर असतो, आणि रोज तसाच मागे येतो. त्याला कुणीतरी एकदा सांगा, की फिरव. माझं तोंड ओढ्याकडे वळू द्या. क्रशरपर्यंत माझं पाणी पोचतं, मी एकदा पोचवून दाखवलंय.