तीन नंबरच्या लेथवर फुटलेला नारळ

मित्रांनो, इंजिनिअरिंग कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये खिडकीकडेला उभा असलेला, हिरवा रंग उडालेला तीन नंबरचा लेथ म्हणजे मी. माझ्या अंगावर सध्या ‘वापरू नये’ अशी पाटी लटकते आहे. ती का आली हे लोक दबक्या आवाजात सांगतात आणि चुकीचं सांगतात. म्हणून म्हटलं, आपलं आपणच सांगावं.

माझा जन्म पंजाबातल्या एका कारखान्यात झाला. तिथून ट्रकमध्ये बसून, आंबोलीचा घाट उतरून मी कट्टा गावाजवळच्या या सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर आलो. कॉलेज तेव्हा नवं होतं. लोखंडाचा दांडा जबड्यात पकडायचा, गरगर फिरवायचा आणि हत्याराने त्याला आकार देऊ द्यायचा, एवढंच माझं काम. मेकॅनिकलला येणारं प्रत्येक पोर पहिला जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, माझ्यावर किंवा माझ्या भावंडांवर करून गेलं. पहिल्या दिवशी सगळी मुलं मला घाबरतात. महिन्याभरात कुणीच घाबरत नाही, आणि मला खरी धास्ती तिथून पुढे वाटते.

मुलांपेक्षा मला जवळचे होते बाबलीकाका. ते वर्कशॉपचे मदतनीस. घरी भातशेती, थोडे काजू. अठरा वर्षं रोज सकाळी त्यांनी मला तेल घातलं. खाऱ्या हवेने माझ्यावर गंज चढू नये म्हणून पावसाळ्यात ते मला घरच्या जुन्या लुगड्याने झाकत. सर लोक बदलले, मुलं पास होऊन पुण्याला गेली, पुढे पुढे तर मेकॅनिकलला मुलंच कमी येऊ लागली. आम्हा चार भावंडांपैकी एक नंबर आणि दोन नंबर बिघडले ते बिघडलेच राहिले. काकांनी मात्र मला कधी परकं केलं नाही.

खंडेनवमीला ते माझी पूजा करत. हार, गंध, अगरबत्ती, आणि मग सगळ्या मुलांना गोळा करून गाऱ्हाणं. “हे देवा म्हाराजा, ह्या पोरांचा शिक्षाण बरा होवंदे. हातापायाक इजा होवक देव नको. काय चुकला माकला तर सांभाळून घे रे म्हाराजा.” मुलं हसत हसत “होय म्हाराजा” म्हणत. मग काका नारळ फोडत आणि त्याचं पाणी माझ्या डोक्यावर शिंपडत. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

माझ्या डोक्याखालीच स्विचची पेटी आहे. हिरवं बटण चालू, लाल बटण बंद. त्या पेटीच्या झाकणाचं रबर दोन वर्षांपूर्वी चिरलं होतं. गेल्या नवमीला नारळाचं पाणी तिथून आत गेलं. आत ते सुकलं आणि चिकट होऊन बसलं. मला ते कळत होतं, पण कळून काय उपयोग? मला फिरता येतं, बोलता येत नाही.

चार दिवसांनी भर दुपारी मी आपोआप फिरलो. वर्कशॉपमध्ये काका एकटेच डबा खात होते. हवेत ओल होती. ती आतल्या चिकट थराला लागली, विजेला वाट मिळाली, आणि कुणी हिरवं बटण दाबावं तसा मी सुरू झालो. काकांचा घास हातात राहिला. त्यांनी लाल बटण दाबलं, माझ्यापुढे उभं राहून हात जोडले आणि म्हणाले, “राखणदार रुसलो. काय तरी कमी पडला.”

आमच्याकडे प्रत्येक जागेला राखणदार, म्हणजे तिची राखण करणारा देव असतो. काकांच्या मते वर्कशॉपलाही होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी वेगळा नारळ आणला, राखणदाराच्या नावाने फोडला आणि पाणी पुन्हा माझ्यावरच ओतलं. वर पेटीभोवती सूत गुंडाळून गाठ मारली. देवदिवाळीपर्यंत ती सोडायची नाही असं बोलले. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय.

त्यात पुढचे आठ दिवस कडक ऊन पडलं. मी शहाण्यासारखा वागलो. काकांना वाटलं, नारळ पावला.

मग दव पडू लागलं. एका सकाळी दीपिका नावाची मुलगी माझ्या जबड्यातला जॉब मोजत होती. मोजून तिने हात काढला आणि मी फिरलो. हात काढला नसता तर काय झालं असतं, ते मी दिवसभर विसरू शकलो नाही. काकांना कुणीतरी सांगितलं आणि तिसरा नारळ आला.

दीपिकेच्या शेजारी भार्गवी उभी होती. वेंगुर्ल्याच्या एका शिक्षकाची मुलगी, बोलायला कमी, बघायला तरबेज. ती माझ्यापुढे उकिडवी बसली आणि माझ्या पायावरून चढणारी मुंग्यांची रांग बघत राहिली. रांग सुताखालून पेटीत शिरत होती.

“काका, आत गोड काय आसा?” तिने विचारलं.

“नारळाचा पाणी उडला आसतला.”

“मगे पेटी उघडून बघूया.”

“सूत बांधलला आसा गो. देवदिवाळेपर्यंत हात लावचो नाय.”

“तर मगे भिंतीवरचो मेन स्विच बंद केल्याशिवाय जबड्यात हात घालू नकात.”

काका हसले. अठरा वर्षं हात घालणाऱ्याला ही शिकवते, असं ते हसणं होतं.

भार्गवी गुरुदास सरांच्या केबिनमध्ये गेली. वर्कशॉप त्यांच्या ताब्यात. दार उघडं होतं, मला सगळं ऐकू आलं.

“सर, तीन नंबर बंद ठेवायला हवा. स्विचमध्ये पाणी गेलंय.”

“सोमवारी प्रॅक्टिकल परीक्षा आहे. बाहेरचे परीक्षक येणार. दोन लेथ आधीच बंद. हाही बंद केला तर मुलं उभी कुठे करू?”

“पण सर, तो आपोआप सुरू होतो.”

“चार दिवसांचा प्रश्न आहे. जपून वापरा. परीक्षा झाली की इलेक्ट्रिशियनला बोलावतो.”

सर वाईट नव्हते. त्यांना फक्त सोमवार पार पाडायचा होता. टर्मवर्कचे गुण सरांच्याच हाती, आणि दुसऱ्या वर्षातली मुलगी आणखी किती बोलणार? पण बाहेर आल्यावर तिने माझ्याकडे असं बघितलं की मला माझीच भीती वाटली.

सोमवार उजाडला तो धुक्यातच. मुलं यायच्या आधी काकांनी चौथा नारळ फोडला. सगळ्या पोरांची परीक्षा म्हणून पाणी हात राखून नाही, भरपूर ओतलं. पेटी आतून चिंब झाली. मला थांबवा, असं मी मनात ओरडत होतो.

भार्गवीचा नंबर माझ्यावरच लागला. तिने प्रत्येक वेळी लाल बटण दाबलं, चालत जाऊन भिंतीवरचा मेन बंद केला आणि मगच हात आत घातला. परीक्षकांनी दोनदा घड्याळ बघितलं. शेवटी जॉब पुरा झाला. जबड्यात लोखंडाचा किस अडकला होता, तो पुसायचा राहिला. तिने लाल बटण दाबलं आणि भिंतीकडे निघाली.

“खंय चललंस? बंद आसा मशीन. तुझो टाइम जाता. मी पुसतंय,” काका म्हणाले. आणि तिच्या काळजीने त्यांनी कापडाचा बोळा घेऊन हात माझ्या जबड्यात घातला.

“काका, थांबा,” ती म्हणाली. ती मेनपासून चार पावलांवर होती.

मी फिरलो.

काकांची दोन बोटं गेली. पुढचं मी सांगणार नाही. तुम्ही लहान आहात, आणि मलाही ते आठवायचं नाही.

त्यानंतर वर्कशॉपमध्ये एकच बोलणं झालं, राखणदाराला काही तरी कमी पडलं. सरांनी पाटी लावली, पण इलेक्ट्रिशियन आलाच नाही. महिन्याने काका कामावर परतले. उजव्या हाताला पट्टी, डाव्या हातात पिशवी. पिशवीतून नारळ काढून ते चार नंबरच्या लेथपुढे उभे राहिले. तो आता एकटाच चालू होता आणि पोरं त्याच्यावरच शिकणार होती.

भार्गवी तिथेच होती. तिने भिंतीवरचा मेन बंद केला, सुताची गाठ कापली, माझी पेटी उघडली आणि काकांना आत बघायला लावलं. काळा चिकट थर, त्यात मेलेल्या मुंग्या. काकांना हे कळू नये असं मला वाटत होतं. तिलाही वाटत असणार, कारण बोलताना ती काकांकडे न बघता पेटीकडेच बघत होती.

“काका, राखणदार नाय. ह्या पाणी आसा. तुमच्या नारळाचा.”

काका स्टुलावर बसले. त्यांनी डाव्या हाताने तो थर खरवडून बघितला. “म्हणजे त्या दिवशी दीपिकेचो हात आत आसतो तर...” त्यांनी आपल्या पट्टीच्या हाताकडे बघितलं. मग म्हणाले, “माजी गेली ता बरा झाला गो. पोरांची गेली आसती तर मी कोणाक तोंड दाखयतलंय होतंय?” आणि नारळ त्यांनी पिशवीत परत ठेवला.

मित्रांनो, पूजा करा, मला राग नाही. माया तर मला हवीच आहे. पण मशीन विचित्र वागलं की आधी मेन बंद करा आणि झाकण उघडून बघा. ‘चार दिवस जपून वापरा’ असं कुणी कितीही मोठ्या माणसाने सांगितलं, तरी ऐकू नका. आमच्या पोटात काय बिघडलंय ते आम्हाला माहीत असतं, पण थांबणं आमच्या हाती नसतं. रोज तेल घालणारे ते हात मी ओळखले होते. तरी मी थांबू शकलो नाही.